आजी बाळाला पायांवर का न्हाऊ घालते?

प्रिय ईरा,

सांगलीहून काकूने पाठवलेला बाळाच्या अंघोळीचा व्हिडिओ बघून तू तीन प्रश्न कागदावर लिहून फ्रीजला चिकटवलेस. पायांवर पालथं घातल्यावर बाळ गुदमरत नाही का? डोक्याच्या मधोमध तेल कशासाठी थापतात? आणि शेवटी तो धूर कसला? बसून नीट सांगायच्या गोष्टी आहेत, म्हणून पत्र.

पायांपासून सुरुवात करते, कारण सगळी मेख तिथेच आहे. आजी भिंतीला पाठ टेकून बसलीय, साडी गुडघ्यांच्या वर खोचलेली, पाय समोर लांब केलेले. दोन्ही नडग्या जवळ आणल्या की मधे एक पन्हळ तयार होते. बाळ त्या पन्हळीत, डोकं आजीच्या पावलांकडे आणि पाय तिच्या पोटाकडे. पावलं उभी असल्यामुळे डोक्याला अटकाव मिळतो, ते खाली घरंगळत नाही. पालथं घातलं की बाळाचा चेहरा घोट्यांच्या वर एका कुशीला वळवलेला असतो, म्हणजे नाक-तोंड मोकळं राहतं. पाणी अंगावरून दोन्ही बाजूंनी खाली जातं, साचत कुठेच नाही. टबात बाळाला धरण्यात एक हात कायमचा अडकतो. इथे बाळाचं वजन पाय पेलतात. तरीही व्हिडिओ परत बघ: आजीचा डावा हात बाळाच्या काखेखालून दंडाभोवती आहे आणि तो सुटत नाही. पाणी ओततो तो फक्त उजवा.

घसरण्याचा धोका खरा आहे, पण तो तेल आणि साबण एकत्र आले की. म्हणून मालिश झाल्यावर आधी स्वतःचे हात धुवायचे आणि नडग्यांवर एक जुना मऊ पंचा टाकायचा. उचलताना एक तळवा मान आणि पाठीखाली, दुसऱ्या हातात मांडी. नुसत्या दंडांना धरून कधीच उचलायचं नाही, सांध्याला इजा होऊ शकते.

मालिश दूध पिऊन निदान अर्धा-पाऊण तास झाल्यावर, नाहीतर सगळं बाहेर येतं. तेल दोन चहाचे चमचे पुरतं. कोकण-गोव्यात खोबरेल, देशावर थंडीत तिळाचं. वाटी गॅसवर न ठेवता गरम पाण्यात ठेवायची आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघायचा. (इथे टोरांटोत दुकानात ऑलिव्ह तेल सुचवतात. त्यात ओलेइक आम्ल जास्त असतं, त्याने तान्ह्या त्वचेचा वरचा थर कमजोर होतो. खोबरेलच बरं.) आधी पाय, मग हात, छाती, पोट, शेवटी पाठ. पोटावर हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा, कारण मोठं आतडं त्याच दिशेने जातं आणि अडकलेला वारा पुढे सरकतो. उजवा हात डाव्या पायाला लावायचा तो व्यायाम बाळाने अंग सैल सोडलं तरच. ताठरलं की थांबायचं.

पाण्याचं एकच सांगते: बादलीत आधी गार, मग गरम. उलट क्रमात कोणीतरी हात घालतं आणि भाजतं. पाणी ३७ ते ३८ अंश, म्हणजे आपल्या अंगाइतकंच कोमट. कोपर बुडवून बघायचं. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या तळव्याला उष्णता कमीच कळते. कढत पाण्याने बाळ गाढ झोपतं असं आपल्याकडे म्हणतात, पण लाल झालेलं अंग ही झोपेची खूण नव्हे. डोकं सगळ्यात शेवटी, कपाळावर तळव्याची कड धरून, कारण ओल्या डोक्यातून बाळ झपाट्याने गार पडतं.

डाळीचं पीठ आणि साय लावतात, ते पातळ कालवून हलक्या हाताने लावलं तर चालतं. त्याच्या गोळ्या करून अंगावरची लव काढायला घासू नये. लव काही आठवड्यांत आपोआप गळते, घासल्याने ओरखडे मात्र उठतात. आणि मानेच्या वळ्या, काख, जांघ इथून पीठ पूर्ण धुऊन निघायला हवं. राहिलं तर ते आंबतं आणि दुसऱ्या दिवशी तिथे लालचुटूक चट्टा.

आता टाळू. बाळाच्या कवटीची हाडं जन्माच्या वेळी जुळलेली नसतात, म्हणून ते जन्माला येऊ शकतं आणि पुढे मेंदूला वाढायला जागा मिळते. मागची टाळू साधारण दोन महिन्यांत बुजते, पुढची बहुतेक मुलांची एक ते दीड वर्षात. तेल थापल्याने ती लवकर भरते असं मानतात. तसं होत नाही, पण बोटांनी हलकं लावलं तर बिघडतही नाही, डोक्यावरचे खवले सुटायला मदतच होते. तू विचारलंस की ती जागा उडते कशी. ती आतल्या नाडीची धडधड, अगदी नेहमीची. खोल गेलेली दिसली तर अंगातलं पाणी कमी झालंय, आणि शांत असताना फुगून वर आली तर लगेच डॉक्टर.

नाकात, कानात तेल सोडायचं नाही. नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. आणखी एक जुनी रीत आहे, तान्ह्या बाळाची सुजलेली छाती पिळून दूध काढायची. ती सूज आईच्या संप्रेरकांमुळे असते, आपोआप उतरते. पिळल्याने तिथे पू होऊ शकतो. आजी हे करत नाही, तिचं याबाबत कौतुक.

धुरी म्हणजे निखाऱ्यांवर ऊद, ओवा, वावडिंग, लसणाच्या साली टाकून केलेला धूर. चारी बाजूंनी वारा खेळणाऱ्या घरात केस सुकायला, डास पळायला ती कामाला यायची. तरी धूर तो धूरच, बाळाची श्वासनलिका अरुंद असते. आपल्या टोरांटोच्या बंद खिडक्यांच्या घरात तर निखारा पेटवायचाच नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो. कोरडा पंचा आणि उबदार खोली एवढ्याने काम भागतं.

काजळ डोळ्यांत घालू नये, बाजारातल्या काही काजळांत आणि सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे. दृष्टीची तीट तळपायाला लावली तर बाळ ती डोळ्यांत चोळत नाही आणि आजीचंही समाधान होतं. दुपट्यात गुंडाळताना हात बांधलेले चालतील, पण मांड्या दुमडून फाकवता यायला हव्यात. पाय सरळ ताणून आवळले तर खुब्याचा सांधा बिघडू शकतो. झोपवायचं उताणं, टोपडं आणि कुंची काढून. कुशीवर वळायला लागलं की दुपटं बंद.

हिवाळ्यात इथे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा सांगलीत सकाळचे साडेआठ, म्हणजे अंघोळीची वेळ. शनिवारी रात्री कॉल लाव. फक्त पाणी चालू असताना आजीला हाक मारू नकोस, तिचं लक्ष बाळावरच राहू दे.

तुझी,
आई