१९७० च्या शेव्हेलला क्वाड्राजेटच्या जागी कोणता कार्ब्युरेटर घ्यावा?

तुम्ही दिलेली माहिती अशी: न्यू जर्सीत १९७० ची शेव्हरोले शेव्हेल कार, ३५० क्युबिक इंचांचं एल-४८ इंजिन, टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, कॅम (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) आणि मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरखालचा, हवा-पेट्रोल सिलिंडरांत नेणारा भाग) मूळचेच. मूळचा रॉचेस्टर क्वाड्राजेट कार्ब्युरेटर दगा देतोय, सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो, आणि गॅरेजवाला होली कंपनीचा ७५० डबल पंपर (पेडल दाबताच पेट्रोलची धार मारणारे दोन पंप असलेला कार्ब्युरेटर) बसवा म्हणतोय.

तो नका बसवू. अडचण ७५० या आकड्याची नाही, तुमचा क्वाड्राजेटही मुळात ७५० सीएफएमचाच (मिनिटाला ७५० घनफूट हवा) आहे. दोघांनाही हवेची चार भोकं असतात; फरक मागची दोन कशी उघडतात यात आहे. क्वाड्राजेटची पुढची भोकं जेमतेम १ ३/८ इंचांची, त्यामुळे रोजच्या चालवण्यात हवेचा वेग टिकतो आणि पेट्रोल नीट ओढलं जातं. मागच्या मोठ्या भोकांवर हवेच्या ओढीने उघडणारी झडप असते. इंजिन मागेल तेवढीच हवा ती आत सोडते. डबल पंपरमध्ये मागची भोकं थेट लिंकेजने उघडतात. इंजिन १८०० आरपीएमवर असताना पेडल दाबलं की हवेचा वेग एकदम पडतो, बूस्टरला (भोकातली पेट्रोल ओढणारी नळी) पेट्रोल ओढता येत नाही आणि इंजिन गुदमरतं. ती पोकळी झाकायलाच दुसरा पंप दिलेला असतो. हलकी गाडी, हातगिअर, ४.१० सारखा मागच्या ॲक्सलचा गिअर रेशो आणि मोठा कॅम असेल तिथे डबल पंपर शोभतो. दीड टनाहून जड ऑटोमॅटिक शेव्हेलमध्ये तो पेट्रोल पितो आणि चालवणाऱ्याला वैताग देतो.

किती हवा लागते त्याचा हिशेब सोपा आहे. क्युबिक इंच गुणिले कमाल आरपीएम, भागिले ३४५६. म्हणजे ३५० × ५५०० ÷ ३४५६ = ५५७. रस्त्यावरचं इंजिन साधारण ८५ टक्केच भरतं, म्हणून प्रत्यक्षात ४७५ च्या आसपास. ६०० ते ६५० सीएफएम तुम्हाला पुरून उरेल.

पण नवा घेण्याआधी जुना तपासाच. क्वाड्राजेटच्या बऱ्याच तक्रारी दुरुस्त होण्यासारख्या असतात, आणि मूळ नंबराचा कार्ब्युरेटर गेला की गाडीची किंमतही उतरते. मुख्य भागाच्या डाव्या बाजूला मागे उभा नंबर कोरलेला असतो, १९७० चा असेल तर तो ७०४० ने सुरू होतो. रात्रभर उभ्या गाडीचा एअर क्लीनर काढा, इंजिन बंदच ठेवून टॉर्चच्या उजेडात आत बघत थ्रॉटल (पेडलने उघडणारी पात्यांची झडप) हाताने फिरवा. पंपाची धार आली नाही तर बाऊल (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी) रिकामा झालाय. एकतर इथेनॉलवालं पेट्रोल उष्णतेने उडून गेलं, किंवा बाऊलच्या तळाचे प्लग गळताहेत. हे ओळखायला कार्ब्युरेटर काढून बाहेरून कोरडा पुसा, बाऊल पेट्रोलने भरा आणि कोऱ्या कागदावर ठेवा. कागदावर ओला डाग पडला तर प्लग. ते इपॉक्सीने बंद करता येतात. फ्लोटही (बाऊलमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा) बदला. तो काळ्या फोमसारख्या पदार्थाचा असतो, वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन जड होतो आणि मग ओव्हरफ्लो सुरू होतो. तुम्हाला वास येत असेल तर पहिला संशय त्याच्यावर.

थ्रॉटलच्या दांड्याला बोटाने हलवून खेळ बघा. थोडा असेल तर बुश बसवून भागतं. खेळ भरपूर, पेट्रोल आत येतं तिथल्या नटाचे आटे गेलेले, वरचं झाकण पुढचे बोल्ट जास्त आवळून वाकलेलं, हे तिन्ही एकत्र दिसलं तरच नवा घ्या. जुना मात्र फेकू नका, डब्यात घालून गाडीबरोबर ठेवा.

आता नवा. मूळ लोखंडी मॅनिफोल्ड स्प्रेड-बोअर आहे, पुढची भोकं लहान, मागची मोठी. चारही भोकं सारखी असलेला स्क्वेअर-बोअर कार्ब्युरेटर त्यावर अडॅप्टरशिवाय नीट बसत नाही, कडेने हवा ओढतो. मॅनिफोल्ड ठेवायचा असेल तर स्ट्रीट डीमन ६२५ बघा; तो दोन्ही तऱ्हांच्या तोंडावर बसतो आणि त्याची पुढची भोकंही लहान आहेत. मॅनिफोल्ड बदलायची तयारी असेल तर एडलब्रॉक परफॉर्मर २१०१ आणि त्यावर एव्हीएस२ चा १९०६, म्हणजे ६५० सीएफएम, इलेक्ट्रिक चोक. माझी पसंती याला, कारण मागची झडप क्वाड्राजेटसारखीच हवेवर चालते आणि तिचा ताण बाहेरून बदलता येतो. होलीच हवा असेल तर व्हॅक्यूम सेकंडरीचा (मागची भोकं लिंकेजऐवजी हवेच्या ओढीने उघडणारा) ६००, इलेक्ट्रिक चोकवाला. न्यू जर्सीच्या थंडीत हातचोकाच्या नादी लागू नका.

बसवताना लोक जिथे चुकतात ते सांगतो. मॅनिफोल्डच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, सुटलेला एक नट आत गेला तर इंजिन उघडावं लागतं. पॅकिंग नवीन घ्या. एडलब्रॉकला पेट्रोलचा दाब साडेपाच पीएसआयच्या आसपास हवा, साडेसहाच्या वर नाही; गेज लावून मोजा, अंदाजावर सोडू नका. इंजिनावर प्लास्टिकचा किंवा काचेचा फिल्टर लावू नका, तो तडकला की थेट आग. नवा संच उंच असू शकतो, म्हणून एअर क्लीनरच्या नटावर ॲल्युमिनियम फॉइलचा सैल गोळा ठेवून बॉनेट हळूच बंद करा आणि गोळा किती चपटला ते बघा.

इलेक्ट्रिक चोकला चावी चालू असतानाच येणारे पूर्ण १२ व्होल्ट लागतात. इग्निशन कॉइलच्या पॉझिटिव्हवरून तार ओढू नका. तिथे व्होल्टेज कमी करणारी रेझिस्टन्सची वायर आहे. चोक अर्धवट उघडतो आणि ठिणगीही कमजोर होते. फ्यूज बॉक्समधून वेगळी तार आणा.

कार्ब्युरेटरपासून टर्बो ३५० ला जाणारी केबल फक्त किकडाऊनची (पेडल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर टाकणारी) असते, ती सैल राहिली तर गिअर खाली पडणार नाही इतकंच. मात्र आधीच्या मालकाने ७००आर४ हा दुसरा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टाकला असेल तर केबल गिअरबॉक्सच्या आतला दाब ठरवते. तिची भूमिती चुकली की क्लच जळतात, तेव्हा योग्य ब्रॅकेटशिवाय गाडी ब्लॉकभरसुद्धा चालवू नका.

ट्यूनिंगच्या आधी डिस्ट्रिब्युटरमधल्या प्लॅटिनम पॉइंटचा ड्वेल (पॉइंट मिटलेला राहतो तो कोन) ३० अंश आहे का आणि ठिणगीचं टायमिंग बघून घ्या. कार्ब्युरेटरच्या नावावर खपणारे निम्मे दोष तिथले असतात. मिक्स्चरचे दोन्ही स्क्रू अलगद बंद करून दीड फेरा उघडा. इंजिन पूर्ण गरम झालं की मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावा आणि काटा सर्वांत वर जाईपर्यंत दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे फिरवा. स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर आयडलचा स्क्रू फार आत गेलेला असतो: थ्रॉटलची पाती जास्त उघडून ट्रान्सफर स्लॉट (पात्याशेजारची पेट्रोलची फट) उघडा पडतो आणि इंजिन तिथूनच पेट्रोल ओढतं. मग पेडलला पाय लावताच गाडी अडखळते. अशा वेळी आधी टायमिंग दोन अंश पुढे घ्या किंवा हवेची गळती शोधा, मग आयडलचा स्क्रू मागे. शेवटी इंजिन बंद ठेवून कुणालातरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि वरून बघा, पाती सरळ उभी राहतात का आणि सोडल्यावर लगेच मिटतात का. रिटर्न स्प्रिंग दोन लावा.