गालापागोसला दुसऱ्यांदा जाताय?

पॅसिफिकमधल्या इक्वेडोरच्या या बेटांवर बोटीच्या सफरीने एकदा जाऊन आलात आणि आता त्याच सफर-कंपनीकडे नवा मार्ग मागताय, म्हणून सांगतो. कंपनीच्या मागे लागून फार काही हाती लागत नाही. तिथे बोटीचा मार्ग राष्ट्रीय उद्यानाच्या मंजुरीने ठरतो. 2012 पासून तर एकाच ठिकाणी तीच बोट 14 दिवसांच्या आत पुन्हा नेता येत नाही. त्यामुळे बहुतेक बोटी पंधरा दिवसांचं चक्र फिरतात आणि त्याचेच तुकडे पाडून ए, बी अशा नावांनी विकतात.

म्हणजे तुम्हाला हवी असलेली नवी सफर बहुधा त्याच बोटीवर, पुढच्या आठवड्यात असते! मला हे उशिरा कळलं. दुसऱ्या खेपेला मी मोठ्या हौसेने बोट बदलली, आणि निम्म्याहून अधिक बेटं तीच निघाली.

तेव्हा आधी जुना कार्यक्रम काढा आणि बेटांवर नव्हे, उतरण्याच्या जागांवर खुणा करा. सांताक्रूझ हे मुख्य बेट दोन्ही सफरींत असणारच, ते सोडून द्या. पहिल्यांदा पूर्वेकडे गेला असाल तर आता इसाबेला बेटाचा पश्चिम किनारा आणि फर्नांदिना बेट घ्या. उडता न येणारा पाणकावळा जगात फक्त तिथेच दिसतो. एस्पान्योला बेट राहिलं असेल तर एप्रिल ते डिसेंबरमध्येच जा, एरवी तिथले अल्बट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी दूर समुद्रावर असतात. हेनोवेसा बेटावर लाल पायांचे बूबी हे समुद्रपक्षी भरपूर, पण तिथे जाताना रात्रभर बोट हलते. उलटीची गोळी जेवणाआधीच घ्या.

आणि हो, जुन्या प्रवाशांची सवलत विचारा. आपणहून क्वचितच सांगतात.