गो-कार्टचा डांबरी ट्रॅक दर पावसाळ्यात एकाच जागी उखडतो. काँक्रीट केला तर ग्रिप जाईल का?

ग्रिप जात नाही. अमेरिकेत ब्रिस्टलच्या ट्रॅकवर 1992 मध्ये डांबर काढून काँक्रीट केलं, डोव्हरला 1995 मध्ये. तिथे दीड टनाच्या गाड्या बँकिंगवर, म्हणजे वळणाच्या तिरक्या चढावर, घासत फिरतात. ग्रिप घालवते ती फिनिश. पॉवर ट्रॉवेल (पृष्ठभाग घोटायचं यंत्र) फिरवून चकचकीत केलंत तर पहिल्या सरीला कार्ट गवतात जाणार. ओल्या काँक्रीटवर धावण्याच्या दिशेला आडवा ब्रश मारून घ्या. विषय संपला.

मी लिहायला बसलो ते तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीमुळे. कंत्राटदार म्हणतो, 'आहे त्या डांबरावरच ओतू, आणि जॉइंट मागाहून सावकाश कापू.' जॉइंट म्हणजे स्लॅबमध्ये मुद्दाम कापलेल्या रेषा. हे वाक्य मी घरातच ऐकलंय.

राजापूरच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एका कार्ट ट्रॅकचं काम काकांनी घेतलं होतं, साइट मी बघत होतो. मागच्या वळणावर डांबर दरवर्षी उखडायचं. मालक म्हणे डांबर हलकं, काका म्हणे काँक्रीटची जाडी वाढवू. मी तिथे जेसीबीने खड्डा मारायला लावला. वर जांभा कडक, पण त्या वळणाला मूळच्या घळीत लाल माती ढकलून सपाटी केलेली. डिसेंबर असूनही माती हातात दाबली की बोटांमधून बाहेर येत होती. वरच्या डगरीचं पाणी थेट ट्रॅकच्या पोटात मुरत होतं. अशा जागी काँक्रीट कितीही जाड ओता, खालचा आधार गेला की स्लॅब मोडणारच. डगरीच्या बाजूला खोल चर काढला, सच्छिद्र पाइप आणि खडी भरली, मऊ माती उपसून मुरूम थराथराने दाबला, त्यावर डीएलसी, म्हणजे कमी सिमेंटच्या कोरड्या काँक्रीटचा थर. काकांच्या मते हा पैसा मातीत गेला. ते वळण आजही जागचं हललेलं नाही.

खरी वादावादी जॉइंटवरून झाली. दुपारी खाऱ्या वाऱ्यात काँक्रीटचा वरचा थर भराभर सुकतो, म्हणून ओतकाम संध्याकाळी धरलं होतं. म्हणजे कटर मध्यरात्रीनंतर चालवावा लागणार. काका म्हणाले, "अरे, सकाळी चहा घेऊन कापूया, ते काय पळून जातंय?" मी बॅटरी घेऊन स्लॅबच्या कडेला थांबलो. नखाने ओरखडा उठेनासा झाला, कापून बघितलं तर कडेची खडी सुटत नव्हती, तिथून कापायला सुरुवात केली. पिटकडचा (कार्ट थांबतात त्या बाजूचा) पट्टा काकांच्या माणसांकडे होता, तो त्यांनी सकाळी ऊन आल्यावर कापला. ब्लेड लागायच्या आधीच तिथे केसासारखी तिरकी चीर गेली होती, कापलेल्या रेषेला सोडून. काका अजून प्रत्येक लग्नकार्यात सांगतात की मिक्समध्ये सिमेंट कमी होतं. दोन्ही पट्ट्यांना मिक्स एकाच प्लँटचं, एकाच संध्याकाळचं. काँक्रीट आकसताना कुठेतरी फुटणारच. वेळेत कापलं तर तुमच्या रेषेत फुटतं. काप स्लॅबच्या जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल हवा, आणि 150 मिमीच्या स्लॅबला जॉइंट साडेतीन मीटरच्या आत.

कार्टला सस्पेन्शन नसतं. जॉइंटला जरा पायरी पडली की ती चालवणाऱ्याच्या कण्यात बसते आणि चेसिसचा तळ आपटतो. इंग्लंडचा ब्रुकलँड्स हा 1907 चा काँक्रीट ट्रॅक, पुढे स्लॅब इतके खालीवर झाले की गाड्या हवेत उडायच्या. म्हणून दिवसाचं काम जिथे थांबतं तिथल्या जॉइंटला डॉवेल बार, म्हणजे दोन्ही स्लॅब जोडणाऱ्या लोखंडी सळया, टाकायलाच लावा, किनाऱ्याजवळ आहात तर इपॉक्सी कोटिंगचे. खाडीची वाळू साइटवर उतरूच देऊ नका, तिच्यातलं मीठ लोखंड खातं. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घ्या. गोणपाट टाकून 14 दिवस पाणी मारा, कोणी 'सात पुरे' म्हटलं तरी.

तुमच्या कंत्राटदारावर थोडा अन्याय नको: डांबराखालचा पाया कोरडा आणि घट्ट असेल तर त्यावर काँक्रीट घालणं ही मान्य पद्धत आहे, रस्त्यांवर करतातही. पण तुमचा ट्रॅक दर पावसाळ्यात एकाच जागी उखडतो असं तुम्हीच लिहिलंय. आणि टायर सुरुवातीला डांबरापेक्षा लवकर झिजतील, तेही धरून चाला.

खर्चाचा आकडा खालची माती बघितल्याशिवाय कोणी देत असेल तर घेऊ नका. आधी उखडतं तिथे खड्डा मारा. पाऊस संपल्यावर लगेच मारा, पाणी कुठून येतं ते तेव्हाच दिसतं; ओतकाम दिवाळीनंतर. आणि ज्या रात्री ओतणार त्या रात्री कटर, जास्तीचं ब्लेड आणि ऑपरेटर साइटवर आहेत ना, हे स्वतः जाऊन बघा.