‘उलटा दणका द्यायला शिकवू का, मॅडम?’

हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. विचारणारे बहुधा बाबा असतात आणि विचारताना त्यांचा आवाज जरा खाली येतो, कारण उत्तर त्यांनी घरी देऊन झालेलं असतं. परवाही तसाच फोन आला. मुलगी आठवीत, वर्गातल्या तिघी सतत तिच्या मागे लागलेल्या, शाळेत सांगूनही काही होत नाही. तर तिला जशास तसं वागायला सांगू का? मी त्यांना एका मुलाबद्दल सांगितलं. ओळख पटेल असे तपशील बदलून तेच इथे लिहिते आहे. मुलाची आणि त्याच्या आईबाबांची संमती आहे.

मुलगा 14 वर्षांचा. बोलताना अडखळायचा, पण पहिल्या भेटीत मला ते लक्षातच आलं नाही, इतका तो तरबेज होता. ‘क’ जिभेवर अडायचा, म्हणून तसा शब्द येणार असं दिसलं की हा आधीच वाट बदलायचा. ‘कळलं’च्या जागी ‘समजलं’. ‘काल’च्या जागी ‘आदल्या दिवशी’. मला वाटलं, पोरगा जरा पुस्तकी बोलतोय. वर्गात मोठ्याने वाचताना मात्र पळवाट नसते. धड्यात ‘काळोख’ छापलेलं असेल तर ‘अंधार’ म्हणता येत नाही.

अशाच एका ‘काळोखा’वर तो अडकला. मागच्या बाकावरून कोणीतरी ते फोनमध्ये टिपलं आणि संध्याकाळपर्यंत तो आवाज वर्गाच्या ग्रुपवर फिरत होता. पुढचे सात महिने तो वर्गात शिरला की ‘क-क-क’ सुरू. हात कोणीच लावला नाही. त्यामुळे शाळेच्या लेखी हे ‘मुलांचं चालायचंच’ होतं. दोनदा तक्रार झाली, दोनदा ‘समज दिली’ असं उत्तर आलं.

इथे थोडं थांबते. शाळेतल्या छळाचा अभ्यास 1970च्या दशकात ज्यांनी पद्धतशीरपणे सुरू केला, त्या डॅन ओल्व्हेयस यांनी छळ ओळखायच्या तीन खुणा सांगितल्या: तो मुद्दाम केलेला असतो, पुन्हा पुन्हा होतो आणि दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसतं. बळ म्हणजे दंडाचंच असं नाही. आठ जण हसणारे आणि एक अडखळणारा, एवढाही फरक पुरतो. चेष्टा आणि छळ यांतला फरक विचारणाऱ्या शिक्षकांना मी ही तिसरी खूण आधी तपासायला सांगते.

तर, मुलाच्या बाबांना हे सगळं कळलं तेव्हा ते म्हणाले, “रडत काय बसतोस? एकदा असा दणका दे की परत नादी लागणार नाहीत.” त्यांच्या डोक्यात बुक्की होती. मुलाच्या डोक्यात दुसरंच शिजलं. त्याने टोळीच्या म्होरक्याच्या नावाने, त्याचाच फोटो लावून, खोटं अकाउंट उघडलं आणि त्यावरून वर्गातल्या एका मुलीला घाणेरडे मेसेज पाठवायला सुरुवात केली. म्होरक्याला आठवडाभर शाळेबाहेर बसवलं. बेत तंतोतंत जमला होता.

मग तिसऱ्या आठवड्यात एक मेसेज घाईघाईत त्याच्या स्वतःच्याच अकाउंटवरून गेला.

माझ्याकडे तो आला तो यानंतर. बाहीचं टोक चावून चावून ओलं केलेलं, फोन टेबलावर पालथा. मी विचारलं, “तीच का?”

“तिचं ऐकतात.”

दोन शब्द. सात महिन्यांत शाळेबद्दल तो जे शिकला होता, ते सगळं त्यात आलं. पण खरी गोष्ट तिसऱ्या भेटीत बाहेर आली. त्या सात महिन्यांत ‘आता पुरे करा रे’ असं भर वर्गात म्हणणारी एकमेव मुलगी तीच होती. कॅनडातल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानावरचं चित्रीकरण तपासून 2001 साली मांडलं होतं की बघ्यांपैकी कोणी मध्ये पडलं, तर निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांत थांबतो. मात्र मध्ये पडणारं क्वचितच कोणी असतं. याच्या वाट्याला असं एक माणूस आलं होतं, आणि दगड म्हणून त्याने तेच उचललं. ती मुलगी अकरा दिवस शाळेत आली नाही.

आणि म्होरक्या? त्याची निर्दोष सुटका झाली, दुसऱ्या कशाचीही चौकशी न होता. न केलेल्या गोष्टीची शिक्षा भोगल्यामुळे सगळ्यांची सहानुभूती त्याच्याकडे गेली. सात महिन्यांचा ‘क-क-क’ कागदावर कुठेच उरला नाही. फोन करणाऱ्या त्या बाबांना मला हेच सांगायचं होतं. सूड वाईट की चांगला हे बाजूला ठेवा. सूड घेतला की तुमच्या मुलाची तक्रारच पुसली जाते. शिवाय हिशेब मिटतो म्हणावं, तर तेही नाही. कार्लस्मिथ, विल्सन आणि गिल्बर्ट यांच्या 2008च्या प्रयोगात, खेळात दगा देणाऱ्याला शिक्षा करण्याची संधी ज्यांना मिळाली, त्यांना शिक्षा करून बरं वाटेल असाच लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात त्यांनाच जास्त वाईट वाटलं आणि दगा देणाऱ्याचाच विचार त्यांच्या डोक्यात घोळत राहिला. हा मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ते खोटं अकाउंट उघडून बसायचा. सुटला कुठे होता?

‘मग मुलीला गप्प बसायला सांगू?’ बाबा वैतागून म्हणाले. अजिबात नाही. ‘थांबव’ असं मोठ्याने म्हणणं, तिथून निघून जाणं, ब्लॉक करणं, अंगावर आलेल्याला ढकलून पळणं हे सूड नव्हे, बचाव आहे. तो जरूर शिकवा. ग्रुपवर जे येतं त्याचे स्क्रीनशॉट ठेवा. कोणत्या दिवशी, कोण, कुठे, काय म्हणालं हे एका वहीत लिहा, आणि ‘त्रास देतात’ एवढंच मोघम न सांगता ती वही घेऊन शाळेत जा. लेखी द्या, लेखी उत्तर मागा. त्या तिघींच्या आईबाबांना परस्पर गाठू नका. मोठ्यांची भांडणं जुंपली की मुलांवर नजर ठेवायला कोणी उरत नाही. आणि पुढचं पाऊल टाकण्याआधी मुलीला विचारा. तिच्या हातून आधीच बरंच काही निसटलेलं असतं.

त्या मुलाच्या बाबतीत आम्ही दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या केल्या. त्याच्यावर झालेल्या छळाची तक्रार नव्याने, तारखांसह दिली. आणि त्याने केलेल्या गोष्टीचा कबुलीजबाब. मुलीने भेटायला नकार दिला, तो तिचा हक्कच आहे. तिच्या आईने मात्र मुख्याध्यापकांसमोर ऐकून घ्यायची तयारी दाखवली. त्याची तालीम आम्ही माझ्या खोलीत घेतली, बाबा शेजारी. त्याने लिहून आणलं होतं, ‘हे माझ्या हातून घडलं, मी मान्य करतो’. मी म्हटलं, “चांगलं आहे.” त्याने कागदाकडे पाहिलं, ‘मान्य’वर काट मारली आणि वर ‘कबूल’ लिहिलं.

मग तो वाचायला लागला. ‘मी क… क…’ एरवी अशा वेळी शब्द पुरा करायची घाई बाबांना असायची; तीन भेटी मी ते पाहत आले होते. त्या दिवशी त्यांचे ओठ हलले, आणि त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून धरले. भिंतीवरच्या घड्याळात मी बघत होते. नऊ सेकंद लागले.