बंद पडलेल्या लॅपटॉपची हार्ड डिस्क एन्क्लोजरमध्ये घालून आतल्या फायली परत मिळवता येतात का?

तुमचा जुना लॅपटॉप चालू होत नाही, दुरुस्ती करणाऱ्याने मदरबोर्ड गेल्याचे सांगितले आहे, आणि एन्क्लोजर (डिस्क आत बसवून यूएसबीने दुसऱ्या संगणकाला जोडण्याची डबी) आणून हार्ड डिस्कमधले फोटो व कागदपत्रे घरच्या घरी काढता येतील का, असे तुम्ही विचारले आहे. मदरबोर्ड गेला म्हणजे डिस्कही गेली असे नसते, त्यामुळे फायली मिळण्याची शक्यता चांगली आहे. माझे आग्रहाचे सांगणे एवढेच आहे की, हव्या त्या सगळ्या फायलींची प्रत दुसरीकडे उतरेपर्यंत त्या डिस्कवर काहीही लिहू नये आणि तिच्यात काहीही दुरुस्त करू नये.

एन्क्लोजर विकत घेण्याआधी डिस्क बाहेर काढून तिची जोडणी पाहा. चार्जर काढून ठेवा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि मगच स्क्रूंना हात लावा. बहुतेक लॅपटॉपमधली फिरती डिस्क २.५ इंची आणि साटा जोडणीची असते. तिच्या कडेला दोन चपटी तोंडे शेजारी शेजारी दिसतात, त्यांतले आखूड ७ संपर्कांचे तोंड माहितीसाठी आणि लांब १५ संपर्कांचे तोंड विजेसाठी असते. त्याऐवजी उघड्या पिनांच्या दोन रांगा दिसल्या तर ती त्याहून जुनी, ४४ पिनांची आयडीई डिस्क आहे आणि तिला साटाचे एन्क्लोजर चालणार नाही. काही लॅपटॉपमध्ये या तोंडावर एक छोटा जोडतुकडा बसवलेला असतो. तो डिस्कचाच भाग वाटतो, पण दोन्ही टोकांकडून थोडा थोडा सरळ ओढला की निघून येतो. डिस्कच्या जागी लांबट पातळ कार्ड निघाले, तर ती एम.२ एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपवरची डिस्क आहे. तिच्यातही साटा आणि एनव्हीएमई असे जोडणीचे दोन प्रकार असल्यामुळे लेबल वाचूनच एन्क्लोजर निवडावे.

२.५ इंची डिस्कला वेगळा अ‍ॅडॉप्टर लागत नाही, यूएसबीच्या ५ व्होल्टवर ती चालते. मात्र थांबलेली तबकडी फिरायला लागताना तिला एरवीपेक्षा जास्त वीज लागते. यूएसबी २.० चे पोर्ट ५०० मिलिअँपिअर देते आणि ३.० चे ९००, म्हणून जुन्या पोर्टवर काही डिस्का पूर्ण वेग घेऊ शकत नाहीत. एकदा एन्क्लोजरचा दिवा लागूनही डिस्क दिसेना आणि दर काही सेकंदांनी टिक असा आवाज येई, तेव्हा डिस्क मेली असेच मला वाटले होते. दोन तोंडांची केबल लावून दोन पोर्टांतून वीज दिल्यावर तीच डिस्क निमूटपणे चालू झाली. नीट फिरणाऱ्या डिस्कवर बोट टेकवले तर बारीक, एकसारखी थरथर जाणवते. पुरेशी वीज मिळूनही ठराविक अंतराने टकटक येत राहिली, तर दोष आतल्या हेडमध्ये, म्हणजे तबकडी वाचणाऱ्या भागात असण्याची दाट शक्यता असते, आणि अशी डिस्क पुन्हा पुन्हा चालू केल्याने तबकडीवर ओरखडे पडू शकतात. त्या वेळी ती तत्काळ बंद करावी आणि माहिती अनमोल असेल तर धूळमुक्त खोलीत काम करणाऱ्या तज्ज्ञांकडेच द्यावी.

डिस्क जोडल्यावर विंडोजने फॉरमॅट करण्याविषयी विचारले, तर तो संदेश रद्द करा. ‘डिस्क इनिशियलाइझ करा’ या सूचनेलाही नकारच द्या. विंडोजला आतली रचना वाचता आली नाही, एवढाच त्या संदेशांचा अर्थ असतो; फायली बहुधा जागेवरच असतात, किंवा डिस्क मॅक अथवा लिनक्सच्या पद्धतीने बांधलेली असते. काहीच दिसत नसेल तर विंडोजमधले डिस्क मॅनेजमेंट हे साधन उघडून पाहा. तेथे डिस्कची क्षमता बरोबर दाखवली जात असेल तर ते चांगले लक्षण आहे, आणि कित्येकदा डिस्कच्या विभागाला फक्त (डी, ई असे) अक्षर मिळालेले नसते. बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची चावी मागितली तर घाबरू नका; ४८ अंकांची ती चावी बऱ्याचदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते.

जुन्या वापरकर्त्याचे फोल्डर उघडताना परवानगी नसल्याचा संदेश येतो. तेथे ‘कंटिन्यू’ दाबले की विंडोज त्या फोल्डरखालच्या फायलींच्या परवानग्या बदलत जाते, म्हणजेच डिस्कवर लिहिते. निरोगी डिस्कला याने काही होत नाही, पण शंकास्पद डिस्कसाठी मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून ती रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्याच्या पद्धतीने जोडतो. त्या परवानग्या तेथे आड येत नाहीत.

हा आग्रह माझ्याकडे अनुभवातून आला आहे. काही वर्षांपूर्वी बहिणीच्या लॅपटॉपची डिस्क अशीच जोडली असता तिच्यातले एक फोल्डर उघडेना, म्हणून प्रत न घेताच मी चेकडिस्क ही विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा चालवली. त्या प्रोग्रामने आपले काम केले, म्हणजे फाइल व्यवस्था सुसंगत केली. परंतु फोल्डर नाहीसे झाले आणि फाउंड.००० नावाच्या नव्या फोल्डरात फायलींचे तुकडे केवळ क्रमांकांच्या नावाने जमा झाले. एकेक तुकडा उघडून पाहण्यात दोन दिवस गेले, आणि तिच्या प्रबंधाचे एक प्रकरण शेवटपर्यंत मिळाले नाही.

प्रत घेताना सगळ्यात प्रिय आणि इतरत्र नसलेल्या फायली आधी उचला. विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स ही फोल्डरे सोडून द्या, तुमचे बहुतेक सगळे यूजर्स या फोल्डरात असते. ब्राउझरचे बुकमार्क त्याच्यातल्या अ‍ॅपडेटा या लपवलेल्या फोल्डरात सापडतात. वनड्राइव्हच्या फोल्डरात दिसणाऱ्या काही फायलींचे केवळ नाव डिस्कवर असते आणि मजकूर खात्यात असतो, त्या खात्यातूनच उतरवाव्या लागतात. विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही आज्ञा अशा कामाला चांगली आहे, पण न वाचल्या जाणाऱ्या फाइलवर ती मुळात १० लाख वेळा, दर ३० सेकंदांनी, पुन्हा प्रयत्न करते. प्रयत्नांचा तो आकडा एकवर आणल्याशिवाय खराब डिस्कवर ती वापरू नका. वाचताना डिस्क वारंवार अडखळत असेल तर फायलींच्या मागे न लागता लिनक्समधील डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, दुसऱ्या, तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेच्या डिस्कवर घ्या. सहज वाचता येणारा भाग आधी उचलून कठीण जागांकडे तो नंतर वळतो आणि नोंद ठेवत असल्यामुळे काम मध्येच थांबवून पुढे चालू करता येते. टेस्टडिस्क किंवा फोटोरेक हे हरवलेल्या फायली शोधणारे प्रोग्राम चालवायचे ते या प्रतिमेवर, मूळ डिस्कवर नव्हे. फोटोरेक फायलींची मूळ नावे परत देत नाही, म्हणून तो उपाय शेवटचा ठेवावा.

काम झाल्यावर डिस्क सुरक्षितपणे काढण्याचा पर्याय निवडा आणि हाताला लागणारी थरथर थांबेपर्यंत एन्क्लोजर जागचे हलवू नका. त्यानंतर प्रतींमधल्या फायली स्वतः उघडून पाहा, कारण नाव आणि आकार बरोबर असूनही फोटो अर्धा करडा निघतो. आणखी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी झाली की मगच ही डिस्क पुसून वापरायला घ्या.