बाबांना समजतं सगळं, पण बोलता येत नाही: डाव्या मेंदूतला झटका आणि उजवी बाजू

तुम्ही लिहिलंय की बाबांच्या मेंदूत डावीकडे गुठळी अडकली, पण गेले ते उजवे हात-पाय. आपलं बोलणं त्यांना कळतं, तोंडातून शब्द मात्र येत नाही. आणि आधी लुळा असलेला हात आता मूठ वळून आखडतोय. पक्षाघाताच्या रुग्णांना व्यायाम देणं हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो. औषधांचं तेवढं तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारा.

स्नायूंना हालचालीचा हुकूम देणारे चेतातंतू मोठ्या मेंदूतून खाली उतरतात. मेंदू मानेकडे निमुळता होतो त्या लंबमज्जेत यातले बहुतेक तंतू बाजू बदलून मज्जारज्जूत, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या चेतातंतूंच्या जाड दोरीत, शिरतात, म्हणून डावा मेंदू उजवा हात चालवतो. बाबांना कपाळाला आठ्या घालायला सांगून बघा. बहुधा दोन्हीकडे पडतील, ओठाचा कोपरा मात्र उजवीकडे ओघळलेला दिसेल. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून तंतू मिळतात.

आता बोलण्याचं, कारण घरोघरी सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांच्याकडे लबोर्न्य नावाचा रुग्ण आला. कित्येक वर्षं तो फक्त 'तां' एवढंच म्हणू शकत होता, पण विचारलेलं बरंचसं त्याला समजत होतं. तो गेल्यावर मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात इजा सापडली. पुढे १८७४ मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट प्रकार मांडला: रुग्ण घडाघडा बोलतो, पण त्याला दुसऱ्यांच्या बोलण्याचा अर्थ लागत नाही आणि त्याच्या बोलण्याचा दुसऱ्यांना लागत नाही. तुमच्या वर्णनावरून बाबांचा प्रकार पहिल्याच्या जवळचा वाटतो.

म्हणजे बुद्धी जागेवर आहे आणि शब्द जुळवण्याची वाट अडली आहे. म्हणून त्यांच्यासमोर 'यांना आता काही कळत नाही' असं पाहुण्यांनाही म्हणू देऊ नका. मी असे रुग्ण डोळे भरून येताना पाहिलेत. मोठ्याने ओरडूही नका, कान चांगले आहेत. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा, आणि मग थांबा. शब्द शोधायला त्यांना वेळ लागतो, शब्द आपणच पुरवून टाकला की ते प्रयत्नच सोडतात. त्यांना आकडे मोजायला लावा, पाठ असलेली आरती त्यांच्याबरोबर म्हणा. जिभेवर बसलेलं आणि चालीत गुंफलेलं बोलणं पुष्कळदा शाबूत राहतं. 'पाणी' म्हणता न येणारा माणूस 'सुखकर्ता दुःखहर्ता' म्हणतो तेव्हा घरच्यांना चमत्कार वाटतो, पण त्याचं कारण मेंदूच्या रचनेतच आहे. फक्त त्यावरून 'मग एरवी मुद्दाम बोलत नाहीत' असा अर्थ काढू नका.

हात आखडण्याचं कारण मज्जारज्जूत आहे. स्नायू ताणला गेला की त्याची खबर मज्जारज्जूत जाते आणि तिथूनच 'आकस' असा हुकूम परत येतो. यासाठी मेंदूला विचारावं लागत नाही. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारून हेच तपासतात. एरवी वरून येणारे तंतू या प्रतिक्षिप्त क्रियेला आवर घालतात. झटक्यानंतर सुरुवातीला सगळंच थंड पडतं, मग काही आठवड्यांत मज्जारज्जू जागा होतो, पण वरचा आवर सुटलेला असतो. त्यामुळे हात घट्ट होणं म्हणजे ताकद परत आली असं समजू नका.

तेव्हा मूठ झटक्याने उघडू नका, झटका दिला की ती आणखी वळते. अंगठ्याच्या बुडाशी धरून सावकाश उघडा आणि थोडा वेळ तशीच धरून ठेवा. आणि उठवताना उजव्या हाताला धरून कधीही ओढू नका: स्नायूंचा आधार गेल्यामुळे खांदा निखळतो, आणि ती वेदना पुढचे सगळे व्यायाम अडवते. कमरेपाशी आधार देऊन उठवा. फिजिओथेरपी चालू असेलच, तिच्या जोडीला स्पीच थेरपिस्टही याच आठवड्यात गाठा. 'आधी चालू देत, बोलण्याचं नंतर बघू' असं अनेक घरांत होतं आणि त्यात मोलाचे महिने जातात.