'दक्षिणी आंदोलन' म्हणजे कुणाचं आंदोलन?

आटपाडीच्या एका शिक्षकांनी विचारलंय: पावसावरच्या लेखात 'एल निन्यो आणि दक्षिणी आंदोलन' असं छापलं होतं. वर्गात वाचून दाखवलं तर मुलं म्हणाली, "सर, आंदोलन कुणाचं?" हा शब्द चुकीचा आहे का? त्याऐवजी 'चक्र' म्हणावं का?

शब्द चुकीचा नाही, पण आज या अर्थानं तो वापरू नये. आपल्या सांगली जिल्ह्यात आंदोलन म्हटलं की ऊसदराचं आंदोलनच आठवतं, त्यामुळे मुलांचा प्रश्न अगदी रास्त आहे. संस्कृतात मात्र आंदोलन म्हणजे झुलणं. दोला म्हणजे झोपाळा. दोलन, दोलायमान, आंदोलन ही सगळी त्याच घरातली. पाठ्यपुस्तकात लंबकाचं दोलन असतंच, तेव्हा इथेही 'दक्षिणी दोलन' म्हणावं.

हे दोलन कसलं, ते पंचमीच्या झोक्यावरून छान सांगता येतं. फळीच्या दोन टोकांना दोघी समोरासमोर उभ्या राहून झोका चढवतात. एकीचं टोक वर गेलं की दुसरीचं खाली. पॅसिफिक महासागरावर हवेच्या दाबाचं असंच होतं: ताहिती बेटावर दाब उतरला की ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला चढतो, आणि उलटही. गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. इथला पाऊस आधी सांगता यावा म्हणून जगभरच्या नोंदी ताडून पाहताना त्यांना हा झोका सापडला, आणि १९२०च्या दशकात त्यांनीच त्याला हे नाव दिलं. डार्विनकडे दाब चढला की पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे मंदावतात, पश्चिमेला साठलेलं ऊबदार पाणी पेरूच्या दिशेनं सरकतं. तोच एल निन्यो. समुद्र आणि हवा यांची ही सांगड हवामानशास्त्रज्ञ जेकब बियर्कनेस यांनी १९६९ मध्ये घालून दिली.

'चक्र' मात्र नको, आणि याबाबतीत मी आग्रही आहे. ऋतुचक्र म्हटलं की ठरल्या वेळी परत येणं आलं. एल निन्यो १९९७ नंतर आला २००२, २००४, २००६ आणि २००९ मध्ये. ही अंतरं पाहा: पाच, दोन, दोन, तीन वर्षं. 'चक्र' वाचून एखादा द्राक्षबागायतदार बोटांवर वर्षं मोजू लागला, तर त्याची फसगत शब्दानंच केली म्हणायची. शिवाय एल निन्यो आला म्हणजे पाऊस ओढ देणारच, असंही नाही. १९९७चा एल निन्यो फार मोठा होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. बोलताना 'हेलकावे' म्हणा. त्यात लयही येते आणि बेभरवसाही.

त्याच लेखात 'पॅसिफिक दशकी दोलन' असंही आहे म्हणता. उत्तर पॅसिफिकचं पाणी कधी ऊबदार, कधी थंड होत राहतं, त्याचं हे नाव. अलास्काकडच्या सामन माशांच्या पकडीतले चढउतार अभ्यासताना १९९७ मध्ये हे नाव रूढ झालं. 'दशकी' वाचून दर दहा वर्षांनी काहीतरी घडतं असं वाटतं, पण याची एकेक बाजू वीस-तीस वर्षंही टिकते. मी 'दशकांचं दोलन' लिहिते. अनेकवचनानं अर्थ जागेवर येतो.